दोन मोटारी आणि एक गॅस्केट

आमचा कॉलम, म्हणजे फौजेची मदत तुकडी, हिंगोली जिल्ह्याकडे निघाला तेव्हा माझी नेमणूक सिकंदराबादला एका इंजिनिअर रेजिमेंटबरोबर होती. मी ईएमईचा, म्हणजे फौजेची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेचा. हुद्दा नायक, ट्रेड मेकॅनिक. पोळा होऊन गेला होता. संध्याकाळच्या रोलकॉलला ऑर्डर आली. पूर आला आहे, दोन बोटी, दोन ओबीएम, एक मेकॅनिक, रात्रीच मूव्ह. ओबीएम म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला लावायची मोटार. नदीचं नाव शेवटी वाचलं. कयाधू.

मी कळमनुरी तालुक्यातला. कयाधूच्या वळणावर, माळावर आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे. तांड्यावरचा पहिला पदवीधर मी. आश्रमशाळेत शिकलो, भरती झालो आणि फौजेत राहून मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली. आश्रमशाळेच्या गुरुजींनी मला शाळा सोडू दिली नाही आणि फौजेनं परीक्षेसाठी रजा दिली. दोघांचेही माझ्यावर उपकार आहेत. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यात फौजेचा काही दोष नाही.

बोटींचे प्रमुख होते हवालदार पांडुरंग माने. सांगलीकडचे, कृष्णाकाठचे. पोहणं त्यांना चालण्याआधी आलं असावं असं सगळे म्हणत. सामान भरताना ते माझ्याकडे बघून म्हणाले, "राठोड, तुमच्या मराठवाड्याला बोट न्यायची? लेका, टँकर न्यायला पायजे हुता."

"उस्ताद, औंदा देवाचा हिशोब चुकला."

"मग तुज्या आईला फोन कर. म्हणावं, पावणं येत्यात, पिठलं-भाकरी करून ठेव."

फोन केला. लागला नाही. आदल्या दुपारपासून लागत नव्हता. ते मी त्यांना सांगितलं नाही.

नांदेड ओलांडलं आणि पाण्याचा वास यायला लागला. वारंगा फाट्यावरून पुढे सोयाबीनची रानं दिसत नव्हती, नुसतं तांबूस पाणी दिसत होतं. हळदीच्या पानांचे शेंडे तेवढे वर होते. सकाळी आम्ही एका उंचावरच्या शाळेत कॅम्प लावला. गावातल्या लोकांनी चहा आणला. एका म्हाताऱ्या बाबांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी नातवाकडून वाचून घेतली आणि मला निरखून बघितलं.

"तुमी माळावरच्या राठोडाचं पोरगं न्हाई का?"

"व्हय बाबा."

"घ्या. आमी म्हनलो फौज येऊन राहिली, हे तर आपलंच लेकरू निघालं."

मी तांड्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, माळाला चारी बाजूंनी पाणी लागलंय, माणसं वरच्या अंगाला मारुतीच्या देवळाजवळ गोळा झालीत, कालपासून कोणी आलं-गेलं नाही.

कॅप्टन साहेबांनी नकाशा बाकावर पसरला. कामं दोन होती. पहिलं, काठावरचं गाव. कॅम्पपासून जवळ, अर्धा किलोमीटर असेल, पण मधे नदीची मुख्य धार. माणसं ग्रामपंचायतीच्या गच्चीवर, संख्या मोठी. दुसरं, आमचा तांडा. लांब, उलट्या प्रवाहाला तीन-चार किलोमीटर. माणसं कमी आणि सध्या तरी जमिनीवर.

पहिल्या फेऱ्या दोन्ही बोटींनी काठावरच्या गावाच्या केल्या. दुपारपर्यंत दोन्ही मोटारी बंद पडल्या.

कारण साधं होतं. ही मोटार ज्या पाण्यावर चालते तेच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते. त्या पाण्यात गाळ होता, सोयाबीनचा पाला होता, कुटाराचा भुसा होता. पाणी ओढायच्या जाळ्या तुंबल्या, इंजिन तापलं आणि दोन्हीकडची हेड गॅस्केट जळून फुटली. सिलिंडर आणि त्याच्यावरचं झाकण यांच्यामध्ये जो पातळ पत्रा बसतो, ते गॅस्केट. आतला जाळ आत आणि बाहेरचं पाणी बाहेर ठेवणं एवढंच त्याचं काम. ते फुटलं की इंजिनाचा दम जातो.

स्पेअर किटमध्ये ओरिजिनल गॅस्केट एकच उरलं होतं. दुसऱ्याची मागणी मी नोंदवली होती, माल आला नव्हता.

कॅप्टन साहेबांनी विचारलं, "राठोड, दूसरा बना सकते हो?"

"बना दूँगा, सर. शीट लानी पड़ेगी."

"दोनों बोट साथ में निकलेंगी. एक अटकी तो दूसरी उसे लेने जाएगी."

मी जिप्सी घेऊन वारंगा फाट्याला गेलो. हायवेवर हळद शिजवायच्या बॉयलरचं सामान विकणारं एक दुकान उघडं होतं. दुकानदार शटर अर्धं ओढून चहा पीत बसला होता. वर्दी बघून उठला.

"फौजेला बी आमच्याकडंच यावं लागलं? काहून, सरकार शीट देत न्हाई का?"

"देतं. आज पोचली न्हाई. काय काय आहे दाखवा."

त्याने रबर काढलं. इंजिनाच्या डोक्यावर रबर वितळतं. त्याने कॉर्क काढलं. कॉर्क तेलाच्या चेंबरला ठीक, जाळाजवळ कोळसा होतो. मग त्याने हिरवट राखाडी रंगाची जॉइंटिंग शीट काढली. धागे आणि रबराचा लगदा दाबून केलेली असते ती.

"ही न्या. आख्ख्या तालुक्यात हळदीच्या बॉयलरला हीच आहे. दोन-दोन सीझन हलत न्हाई."

तो खोटं बोलत नव्हता. वाफेला ती शीट उत्तमच. पण वाफेची उष्णता वेगळी आणि पेट्रोलच्या जाळाची वेगळी. जाळाशी कड लागली की शीटमधलं रबर जळतं, धागे उघडे पडतात, शीट पातळ होते, नट सैल होतात.

आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवणारे उस्ताद सांगायचे की गॅस्केटचं मटेरियल निवडताना तीन गोष्टी विचारायच्या. उष्णता किती, दाब किती, आणि तापणं-थंड होणं किती वेळा. तिसरी गोष्ट माणसं विसरतात. एकसारखं तापून राहिलेलं गॅस्केट टिकतं. तापलं, निवलं, परत तापलं, असं झालं की धातू फुगतो, आकसतो, आणि गॅस्केट रगडलं जातं.

मी विचारलं, "ग्राफाइटची शीट? मधे स्टीलचा पत्रा असतो ती?"

"ते नांदेडला बी ऑर्डर टाकून येतं, साहेब."

"तांब्याचा पत्रा? एक मिलीचा?"

"भांड्याच्या दुकानात बघा. पण आज कोन उघडून बसलंय?"

तांबं मिळालं असतं तर लाल तापवून पाण्यात बुडवून मऊ केलं असतं. जाळाला तांबं चांगलं टिकतं. पण ते शोधायचं, कापायचं, तापवायचं म्हणजे संध्याकाळ गेली असती. मी जॉइंटिंग शीट घेतली. आजही तीच घेतली असती. तिथे माझं मन मला खात नाही.

कॅम्पवर येऊन शीट सिलिंडरच्या तोंडावर ठेवली आणि हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने हलकं ठोकत गेलो. वर्कशॉपची जुनी पद्धत आहे ही. खालची कड शीटवर उमटते, तसं कापायचं. नटांच्या भोकांवर बेअरिंगचा छर्रा ठेवून ठोकला की भोक गोल पडतं. माने हवालदार शेजारी उकिडवे बसून बघत होते.

"शिंप्याचं काम झालं की रं हे."

"उस्ताद, हे एकदा तापून गार झालं की परत आवळावं लागंल. दोन फेऱ्या झाल्या की थांबा. मी नट बघतो."

"आन ते दुसरं? डब्यातलं?"

"त्याला काय होत न्हाई."

त्यांनी मान हलवली. ते पुढे काही विचारणार होते, तेवढ्यात कॅप्टन साहेब आले.

"कौन सी मोटर किधर जाएगी?"

माझ्या एका बाजूला ओरिजिनल गॅस्केट घातलेली मोटार होती, दुसऱ्या बाजूला शीटचं गॅस्केट घातलेली. मी म्हणालो, "सर, ओरिजिनलवाली तांडे की तरफ. दूर है, उलटी धार है, पूरा लोड पड़ेगा. दूसरी नज़दीक के लिए ठीक है."

"पक्का?"

"जी सर."

जे बोललो त्यातला शब्द न् शब्द खरा होता. लांब पल्ला, उलटा प्रवाह, पूर्ण लोड. पण त्याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यातलं मी बोललो नाही. तांड्याची मोटार एकसारखी चालणार होती. जवळच्या गावाची मोटार दर फेरीला बंद होणार, निवणार, परत सुरू होणार होती. शीटला नेमकं तेच सोसत नाही. मला ते त्या क्षणी माहीत होतं. फाट्यावरून येतानाच मी त्याचा विचार केला होता.

तांड्यावर माझी याडी होती. आमच्यात आईला याडी म्हणतात.

दुसरी बोट दोन सॅपर, म्हणजे रेजिमेंटचे जवान, घेऊन तांड्याकडे निघाली. माने हवालदार आणि एक सॅपर काठावरच्या गावाकडे गेले. मी काठावर वायरलेस सेटजवळ बसलो. पहिल्या दोन फेऱ्या चांगल्या झाल्या. बायका, लेकरं, दोन म्हातारे, एक बकरी. माणसं उतरवल्यावर माने थांबले. मोटार निवू दिली आणि मी पाना लावला. नट पाव फेरा फिरले. शीट बसत चालली होती.

"काय म्हणतीया तुझी चिंधी?"

"उस्ताद, जरा हळू चालवा. अजून एक फेरी करा, परत बघू."

"हळू चालवलं तर धार वडून न्हेती. बरं, बघतो."

पुढची फेरी आली. बोटीत एक बाळंतीण होती, पदराखाली चार दिवसांचं मूल. माने उतरले नाहीत. मोटार चालू ठेवूनच मला ओरडून म्हणाले, "राठोड, गच्चीला पाणी लागलंय. अजून बारा-पंधरा माणसं हायती. न्हेतो आन येतो."

मोटारीचा आवाज मला आवडला नाही. मधे मधे बारीक शिट्टी वाजत होती.

फौजेत मेकॅनिकला एक अधिकार असतो. मशीन चालवण्याजोगं नाही असं त्याने म्हटलं की ते चालत नाही. समोर हवालदार असो की कॅप्टन. मी हात वर करून "मोटार बंद" म्हणालो असतो तर माने थांबले असते. मग कॅप्टन साहेबांनी सेटवरून दुसरी बोट परत बोलावली असती आणि ती काठावरच्या गावाला लावली असती. तेच बरोबर झालं असतं. दुसरी बोट तेव्हा तांड्याला पोचायची होती.

मी म्हणालो, "उस्ताद, ही शेवटची. मग थांबायचं."

"व्हय व्हय, थांबतो की."

बोट वळली.

गच्चीवरून माणसं घेऊन ते निघाल्याचं मी दुर्बिणीतून बघितलं. बोट खच्चून भरली होती. धारेच्या मधोमध आली आणि शिट्टी मोठी झाली. मग फटफट असा आवाज आला आणि मोटार बंद पडली. पाण्यावर आवाज फार लांब येतो.

सेटवर सॅपरचा आवाज आला. "मोटर बंद. ड्रिफ्ट कर रहे हैं. ओव्हर."

कॅप्टन साहेबांनी माइक घेतला. "चप्पू मारो. बोट टू, बोट टू, तुरंत वापस. ओव्हर."

"बोट टू. तांडे पर लोडिंग चालू है. दस मिनट. ओव्हर."

"जितने बैठे हैं उतने लेके निकलो. ओव्हर."

बोट आडवी होऊन खालच्या पुलाकडे चालली होती. पुलाच्या कठड्याला पाणी घासत होतं. तिथे बोट आदळली असती तर कोणीच उरलं नसतं. पुलाच्या अलीकडे एक मोठी बाभूळ पाण्यातून वर होती. मी बघितलं, माने हवालदारांनी दोराचं टोक कमरेला बांधलं आणि उडी मारली. तिरपं पोहत त्यांनी बाभूळ गाठली. कमरेचा दोर सोडून खोडाला दोन वेढे घालून बांधला. बोटीला झटका बसला आणि ती थांबली.

ते झाडाला धरून होते. त्यांनी हात वर केला, सगळं ठीक आहे असा. त्यानंतर वरून एक वाहून आलेला ओंडका त्या झाडावर आला. ओंडका गेला तेव्हा झाडाजवळ कोणी नव्हतं. दोर टिकला होता.

दुसरी बोट आली. तिची मोटार शेवटपर्यंत एका सुरात चालली. तिने बोटीला दोर लावून सगळ्यांना काठावर आणलं. तिच्यात तांड्यावरची सात-आठ माणसं बसलेली होती. त्यांच्यात याडी होती. ती उतरली आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तू आलास म्हणून वाचलो." मी तिला शाळेत नेऊन बसवलं आणि परत पाण्याकडे आलो.

माने हवालदार दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाच्या खालच्या अंगाला मिळाले.

मोटार मी स्वतः उघडली. दोन सिलिंडरच्या मधल्या अरुंद जागी शीट जळून भगदाड पडलं होतं. हाताचं बोट लावलं की राख व्हायची.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मला प्रश्न विचारले. शीट कोणती? सांगितली. का? ओरिजिनल एकच होतं. तांड्याच्या मोटारीला का दिलं? अंतर, प्रवाह, लोड. निष्कर्ष निघाला की उपलब्ध साहित्यात दुरुस्ती योग्य होती. तांडा कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. मला बोलायला तोंड होतं. मी बोललो नाही.

पुढे मी हवालदार झालो आणि पेन्शनवर आलो. आमच्याच तालुक्यातल्या बाळापूरला माझं छोटं वर्कशॉप आहे. हळदीचे बॉयलर, कुकर दुरुस्त करतो. काठावरच्या गावात दर वर्षी पोळ्यानंतर माने हवालदारांच्या फोटोला हार घालतात. मला बोलावतात. आपल्या मातीतला जवान म्हणून शाल देतात, नारळ देतात. नाही म्हटलं तर त्यांना वाटतं मी लाजतोय. म्हणतात, "साहेब, तुमी फौज आणली म्हनून आमी हाव." त्या शाली मी वापरत नाही. कोणाला देऊनही टाकवत नाहीत.

गेल्या वर्षी माने वहिनी आल्या. सुनंदा वहिनी. भावाबरोबर आल्या होत्या. फोटोला हार झाला, भाषणं झाली. नंतर त्यांनी ती जागा बघायची म्हटलं. बाभूळ आता नाही, वाहून गेली. मी पुलावरून जागा दाखवली. पाणी गुडघाभर होतं, म्हशी बसल्या होत्या.

त्या म्हणाल्या, "एवढीशी नदी."

मी कठड्याशी, त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

"भाऊजी, मोटार कशानं बंद पडली? मला कुणी नीट सांगितलं न्हाई. तांत्रिक बिघाड म्हणत्यात."

"गॅस्केट जळालं, वहिनी."

"दुसरं नव्हतं?"

"होतं. एक चांगलं होतं. ते दुसऱ्या बोटीला बसवलं."

"कुणी?"

"मी."

"ती बोट कुठं गेली?"

"आमच्या तांड्यावर. माझी आई होती तिथं."

त्यांचा भाऊ माझ्याकडे बघायला लागला. वहिनी पाण्याकडे बघत होत्या.

"त्यांना म्हाईत हुतं?"

"शीटचं माहीत होतं. ती किती टिकेल, ते मी त्यांना पुरतं सांगितलं नव्हतं. शेवटच्या फेरीला मी मोटार थांबवू शकत होतो. थांबवली नाही."

खाली एका बाईने म्हशींना हाक मारली. मग वहिनी म्हणाल्या, "आई हायत का?"

"आहे."

"मला तिकडं घेऊन चला."

तांड्यावर याडी ओट्यावर बसली होती. मी सांगितलं, या माने हवालदारांच्या घरच्या. याडी उठली. तिला गुडघ्याचा त्रास आहे, तरी उठली. वहिनींना आत नेलं, स्वतः चुलीपुढे बसून ज्वारीच्या भाकरी थापल्या, वाटीत तूप दिलं. "तुमच्या मालकांनी लई लेकरं वाचवली, बाई," असं दोनदा म्हणाली. तिला बाकीचं माहीत नव्हतं. वहिनींनीही काही सांगितलं नाही. जेवताना गुडघ्याला काय लावता एवढं विचारलं, आणि एरंडाचं पान गरम करून बांधा म्हणाल्या. मी दारातच उभा होतो. मला आत बसवेना.

त्या रात्री त्यांची गाडी वारंगा फाट्यावरून होती. भाऊ पाण्याची बाटली आणायला गेला तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, मला काय बोलायचं ते बोला."

त्या म्हणाल्या, "दुसऱ्या बोटीत कोण हुतं ते बघायचं हुतं. बघितलं."

गाडी आली. त्या चढल्या. खिडकीतून त्यांनी हात केला नाही, तोंडही फिरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी याडीला सगळं सांगितलं. ती ऐकून उठली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. त्या दिवशी ती जेवली नाही. आम्ही त्यावर परत बोललो नाही.

हवालदार पांडुरंग माने, कृष्णाकाठचे. कयाधूच्या पुरात गेले. शेवटच्या फेरीत त्यांच्या बोटीत जी माणसं होती, त्यांतली सगळी हयात आहेत. एक म्हातारे बाबा तेवढे गेल्या उन्हाळ्यात वारले. वय झालं होतं, घरच्यांच्या मांडीवर, झोपेत गेले.